नर्सच्या खिशात काय असावं आणि काय नसावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने ड्यूटीला लागलेल्या सिस्टर, ब्रदर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी हे प्रश्न फिरून फिरून विचारतात. इथली उत्तरं वॉर्डातल्या रोजच्या कामावर बेतलेली आहेत. तुमच्या हॉस्पिटलचा लेखी नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा, त्यावर वाद नको.

पहिल्या दिवशी खिशात काय घेऊन जाऊ?

थोडंच न्या. बटणाची दोन बॉलपेनं, तळहातात मावेल अशी वही, बोथट टोकाची बँडेज कात्री, पेनटॉर्च, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि आय.डी. कार्ड. प्रत्येक बेडपाशी सॅनिटायझर लावलेलं नसेल तर छोटी बाटली. स्टेथो वॉर्डावर अवलंबून.

पेनं दोन अशासाठी, की राउंडच्या वेळी एक जातं आणि परत येत नाही. टोपणाचं पेन टाळा. घाईत टोपण दातात धरलं जातं, आणि ते पेन त्याआधी कुठे कुठे ठेवलं होतं हे तुम्हालाच ठाऊक. जेल पेनही नको, सॅनिटायझरचा ओला हात लागला की अक्षर फिसकटतं.

बाकी खरेदी आठवडाभर थांबवा. कोणत्या वस्तूसाठी तुम्ही रोज मागे फिरता, ते तेवढ्यात कळतं. ऑनलाइन मिळणारी ‘नर्सेस किट’ बघायला झकास असतात, पण त्यातल्या निम्म्या वस्तू कपाटात पडून राहतात.

कोणती वस्तू खिशात आणि कोणती ट्रॉलीवर, हे ठरवायचं कसं?

आधीपासून माहीत असलेल्या कामाचं सामान ट्रेमध्ये. अचानक लागणारं किंवा दिवसभर प्रत्येक रुग्णापाशी लागणारं तेवढं खिशात.

कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) काढायचा आहे हे तुम्हाला उठतानाच माहीत असतं. मग कापूस, टेप, ग्लव्हज आणि कचऱ्यासाठी किडनी ट्रे घेऊनच बेडपाशी जायचं. रक्त यायला लागल्यावर खिसे चाचपणं म्हणजे तयारी न करता कामाला हात घालणं. उलट, बोलता बोलता रुग्ण गप्प झाला आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या आहेत, तेव्हा टॉर्च आणायला कोणी नर्सिंग स्टेशनवर जात नाही. तो खिशातच हवा.

एक गोष्ट इनचार्ज सिस्टरांसाठी. वॉर्डातल्या सगळ्यांचेच खिसे फुगलेले दिसले तर त्यांच्या सवयींवर लेक्चर देण्याआधी स्टॉकची जागा बघा. स्वॅबचा डबा वॉर्डाच्या एका टोकाला आणि बेड दुसऱ्या टोकाला असेल, किंवा रात्री स्टोअरला कुलूप लागत असेल, तर माणसं साठा करणारच. ‘खिसे रिकामे ठेवा’ असा कागद भिंतीला लावून ते थांबत नाही. दर चार-सहा बेडमागे एक भरलेली ट्रॉली उभी केली आणि ती प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला कोण भरणार हे नावानिशी ठरवलं, की खिसे आपोआप हलके होतात.

स्वॅब, सलाईन फ्लश (कॅन्युला धुवायची भरलेली सिरिंज), सिरिंज सगळेच खिशात ठेवतात. त्यात बिघडतं काय?

पॅकिंग बिघडतं. स्पिरिट स्वॅबचं पाकीट किल्ल्यांशी घासून बारीक फाटतं, आतला स्पिरिट उडून जातो आणि तुम्ही कोरड्या कागदाने कातडी पुसता. पाकीट उघडल्यावर स्वॅब ओला लागला नाही तर तो टाका, दुसरा घ्या. भरलेल्या फ्लश सिरिंजचा दट्ट्या वाकताना दाबला जातो. निर्जंतुक पाकिटाला घडीच्या जागी भोक पडलं तर डोळ्यांना दिसतही नाही.

दुसरा प्रश्न परतीचा. खिशातून पाच रुग्णांपाशी फिरून आलेली सिरिंज न वापरता उरली, तर ती पुन्हा स्वच्छ स्टॉकमध्ये टाकायची नाही. म्हणजे ती वायाच गेली. एका वेळी एका रुग्णाचं सामान घेण्यात वेळ वाया जातो असं वाटतं, पण शिफ्टच्या शेवटी खिशातून निघणारा चुरा एकदा मोजून बघा.

मायक्रोपोरचा (कागदी चिकटपट्टीचा) रोल तरी खिशात ठेवू ना?

हा सगळ्यांचा लाडका रोल, म्हणून जरा सविस्तर.

खिशात काही दिवस फिरलेला रोल उजेडात धरा. त्याच्या दोन्ही गोल बाजूंना चिकट थराच्या कडा उघड्या असतात आणि तिथे राखाडी रेघा दिसतात. त्या रेघांत खिशातलं सूत आहे, पेनाची शाई आहे, आणि ज्या ज्या हातांनी तो रोल धरला त्या हातांवरचं सगळं आहे. टेपची पट्टी फाडली की ती कड पट्टीबरोबर येते आणि कॅन्युलाच्या तोंडाशी, म्हणजे शिरेत थेट उघडणाऱ्या भोकापासून बोटभर अंतरावर चिकटते. वेगवेगळ्या देशांतल्या हॉस्पिटलांमध्ये वापरात असलेले रोल तपासले तेव्हा त्यांवर औषधांना न जुमानणारे जंतूही सापडले आहेत.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कॅन्युलासाठी निर्जंतुक पारदर्शक ड्रेसिंग वापरणं. टेप लागणारच असेल तर रोल एका रुग्णाचा, त्याच्याच लॉकरवर, रुग्ण गेला की रोलही टाकायचा. छोटे रोल मागवले तर जीवावर येत नाही. तेही जमत नसेल तर रोल निदान बंद पिशवीत ठेवा, वापरण्याआधी बाहेरचा एक वेढा काढून टाका आणि हात स्वच्छ करूनच रोलला हात लावा.

आणि पट्ट्या आधीच फाडून बेडच्या कठड्याला, ट्रॉलीच्या कडेला किंवा स्वतःच्या युनिफॉर्मला लावून ठेवण्याची पद्धत बंद करा. कठडा हा रुग्ण, नातेवाईक, मावशी, डॉक्टर सगळ्यांच्या हातांची जागा आहे. पट्ट्या धुतलेल्या ट्रेच्या आतल्या बाजूला लावा.

ग्लव्हज?

नको. खिशातले ग्लव्हज किल्ल्या, मोबाईल आणि हातांच्या संगतीत असतात, घातल्याबरोबरच अस्वच्छ. बॉक्समधून, हात कोरडे करून, लागतील तेवढेच काढा.

घड्याळ मनगटावर का चालत नाही? छातीवरचं घड्याळ जुन्या काळातलं वाटतं.

मनगटावर काही असलं की हात मनगटापर्यंत धुतले जात नाहीत, इतकं साधं कारण आहे. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये रुग्णसेवेत कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम आणला, म्हणजे लांब बाह्या नाहीत, घड्याळ नाही, बांगडी नाही. तशी पद्धत आता अनेक ठिकाणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे सॅनिटायझरने हात चोळायला २० ते ३० सेकंद आणि साबण-पाण्याने धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. दर वेळी पट्टा सोडायचा आणि पुन्हा बांधायचा, हे कोणी करत नाही.

छातीवरच्या घड्याळाची तबकडी उलटी लटकलेली असते, ती खाली बघणाऱ्याला सुलटी दिसते. दोन्ही हात मोकळे राहतात. सेकंदकाटा मात्र हवाच. पंप नसताना सलाईनचे थेंब लावायचे असतात तेव्हा त्याची किंमत कळते. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे आणि सेट मिलीला २० थेंबांचा आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. चेंबरकडे एक डोळा आणि घड्याळाकडे एक, १५ सेकंदांत दहा-अकरा थेंब आले की सेटचं चाक आहे तिथेच ठेवा. मायक्रोड्रिप सेट असेल तर मिलीला ६० थेंब, हिशेब बदलतो. हे मोबाईलच्या घड्याळावर करायला गेलात तर एक हात त्यातच अडकतो, आणि स्क्रीन नेमका नको तेव्हा बंद होतो.

पिन मात्र नीट बघून लावा. वयस्कर रुग्णाला उठवताना त्याचा हात किंवा गाल तुमच्या छातीला घासतो. त्या वयातली कातडी कागदासारखी फाटते. उचलण्या-बसवण्याचं काम जास्त असेल तर घड्याळ काढून खिशात टाका किंवा कमरेला क्लिप करा. सिलिकॉनचं घड्याळ पुसायला सोपं.

स्टेथो गळ्यात ठेवू की खिशात?

गळ्यात ठेवायची फॅशन आहे, पण मानेच्या घामाने आणि तेलाने नळी कडक होते. शिवाय गोंधळलेल्या किंवा चिडलेल्या रुग्णाच्या हाताला ती आयतीच सापडते. मोठ्या खिशात सैल वेटोळं करून ठेवा. जागा कशीही निवडा, डायफ्रॅम (रुग्णाच्या अंगाला टेकणारी चकती) पुसणं चुकवू नका. जिनिव्हातल्या एका अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, रुग्ण तपासल्यावर डॉक्टरांच्या हाताचे वेगवेगळे भाग आणि स्टेथो तपासले गेले. डायफ्रॅमवर बोटांच्या टोकांपेक्षा कमी, पण तळहाताच्या इतर भागांपेक्षा जास्त जंतू निघाले. म्हणजे दोन रुग्णांच्या मध्ये हात चोळता त्याच वेळी डायफ्रॅमही स्पिरिटने पुसायचा. नळी स्पिरिटमध्ये बुडवून ठेवू नका.

मोबाईल जवळ ठेवावा का?

आता औषधांची माहिती, हिशेब, कॉल सगळं त्यावर आहे, त्यामुळे ‘ठेवूच नका’ म्हणणं खोटं ठरेल. ठेवा, पण ग्लव्हज घातलेल्या हाताने त्याला शिवायचं नाही. रुग्णापाशी उभं असताना फोन वाजला म्हणून खिशात हात घातला, तर तो हात पुन्हा स्वच्छ करायचा. कव्हर गुळगुळीत असावं. कापडी, खोबणींचं, चमकीचं कव्हर पुसता येत नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने शिफ्टमध्ये निदान एकदा आणि निघताना एकदा पुसा. टॉयलेटमध्ये नेऊ नका.

रुग्णाचा, त्याच्या जखमेचा किंवा कागदांचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये काढायचा नाही. ‘फक्त डॉक्टरांना दाखवायला’ काढलेला फोटोही गॅलरीत राहतोच.

आय.डी. कार्ड गळ्यातल्या दोरीला लावू की क्लिपला?

क्लिप बरी. दोरी ड्रेसिंग करताना जखमेवर लोंबते, आणि ती कोणी कधी धूत नाही. दोरीच हवी असेल तर ओढली की सुटणारी घ्या. मागच्या बाजूचा जोड हिसका दिल्यावर खरंच सुटतो का, हे घरी एकदा करून बघा. ओढून घेणाऱ्या रीळची क्लिप सोयीची असते, फक्त तिची दोरी विरली की कार्ड कुठेतरी पडतं आणि औषधांच्या खोलीचं दार उघडत नाही.

कमरेचा पाउच वापरला तर चालेल?

हॉस्पिटलची परवानगी असेल तर चालेल, आणि बऱ्याच जणींना तो खिशांपेक्षा सोयीचा पडतो. वजन कमरेवर येतं, वाकताना वस्तू खाली पडत नाहीत. पण पाउच कापडी नको, पुसता येणारा हवा. आतले कप्पे जितके कमी तितकं बरं, कारण तळाशी काय साचलंय ते दिसलं पाहिजे. आठवड्यातून एकदा पूर्ण उलटा करून झटका आणि पुसा. बेडला टेकून उभं राहताना पाउच चादरीला घासतो हे विसरू नका. कामाच्या वेळी तो पाठीकडे फिरवता येतो.

एक कप्पा फक्त स्वच्छ पाकिटांसाठी ठेवा. वापरलेल्या वस्तूंसाठी कप्पा नाहीच. वापरलेली वस्तू अंगावर घेऊन फिरायचीच नसते.

पूर्वीच्या नर्सेस सामान कसं बाळगायच्या?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या नर्सेस कमरपट्ट्याला शॅटलेन लावायच्या. म्हणजे छोट्या साखळ्यांचा झुबका आणि प्रत्येक साखळीला कात्री, चिमटा, थर्मामीटरची डबी, पेन्सिल. थर्मामीटर अंगावर बाळगता येऊ लागला तो १८६६ नंतर. त्याआधीचे थर्मामीटर फूटभर लांब असत आणि एक तापमान घ्यायला वीस मिनिटं लागत. थॉमस क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरांनी तो सहा इंचांवर आणला. आजचा कमरेचा पाउच हा शॅटलेनचाच वारस म्हणायचा, फक्त आवाज कमी करतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या खिशात तर घुबड असायचं! १८५० मध्ये अथेन्समध्ये काही मुलांच्या हातून तिने एक पिल्लू सोडवलं, त्याचं नाव अथेना ठेवलं आणि त्याला खिशात घेऊन ती फिरायची. वॉर्डात नाही, घरी आणि प्रवासात. त्या घुबडाचं पेंढा भरलेलं शरीर लंडनच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल संग्रहालयात आहे. खिशात काय असू नये या यादीत आम्ही घुबड घातलेलं नाही, गरज पडणार नाही असं धरून चाललो आहोत.

औषधं खिशात ठेवू शकते का? एका रुग्णाची गोळी देऊन लगेच दुसऱ्याची द्यायची असते.

नाही. दोन रुग्णांच्या गोळ्या एकाच खिशात असणं म्हणजे चुकीच्या माणसाला चुकीचं औषध जाण्याची पूर्ण सोय. एक रुग्ण, एक ट्रे, त्याच्या पट्ट्यावरचं नाव वाचून औषध द्यायचं, मग परत यायचं.

भरलेली सिरिंज खिशात ठेवणं सगळ्यात घातक. सलाईन, पोटॅशियम, भुलीच्या वेळी स्नायू ढिले करणारं औषध, सगळी सिरिंजमध्ये पाण्यासारखीच दिसतात. लेबल औषध भरताना लावायचं, नंतर नाही. लेबल नसलेली सिरिंज सापडली तर ‘हे बहुतेक सलाईनच असेल’ असं म्हणून ती वापरायची नाही, टाकायची. इन्सुलिनचं पेनही अंगावर नको. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर ३० अंशांच्या आत ठेवायची असतात, आणि अंगाशी चिकटलेला खिसा त्याहून गरम होतो.

नार्कोटिक (मॉर्फिनसारख्या औषधांच्या) कपाटाची चावी कोणी आणि कशी बाळगायची?

त्या शिफ्टच्या जबाबदार नर्सच्या अंगावर, तिच्या खिशाला क्लिप लावून. ड्रॉवरमध्ये नाही, कपाटाच्या वर नाही, रजिस्टरखाली नाही. ‘सगळ्यांना माहीत असलेली जागा’ ही लपवायची जागा नसते. जेवायला जातानाही चावी कोणाला दिली हे स्पष्ट हवं. हँडओव्हरला दोघी मिळून ॲम्प्युल मोजतात, रजिस्टरशी ताळा करतात, सह्या होतात आणि मगच चावी हातात जाते. आधी चावी आणि मग ‘मोजून घे गं’ असं नको.

मॉर्फिन किंवा फेंटानिलचं अर्धं ॲम्प्युल उरलं तर ते साक्षीदारासमोर तिथेच टाकायचं आणि दोघींनी सही करायची. ‘हातातलं काम झालं की टाकते’ म्हणून ते खिशात गेलं, तर नंतर तुमची बाजू कितीही खरी असली तरी ती मांडायला कागद नसतो.

वापरलेली सुई दोन मिनिटं ट्रेऐवजी खिशात ठेवली तर?

कधीच नाही. टोपण पुन्हा लावूनही नाही. शार्प्सचा (वापरलेल्या सुया टाकायचा) डबा बेडपाशी न्या, सुई घेऊन डब्याकडे चालू नका. डबा तीन-चतुर्थांश भरला की बदला. वर आलेल्या सुया दाबून जागा करायला जाणारा हातच टोचला जातो.

टोचलंच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच वेळी कळवा. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यास लागण होण्याचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो. प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. शिफ्ट संपेपर्यंत थांबण्यात काहीच शहाणपण नाही.

रुग्णाला एमआरआयला सोडायला गेले तर खिशात काय ठेवू?

काहीही नाही. दरवाजाबाहेर सगळे खिसे रिकामे करा. कात्री, आर्टरी (रक्तवाहिनी धरायचा चिमटा), पेन, स्टेथो, किल्ल्या, केसांच्या पिना, घड्याळ, मोबाईल, कार्ड.

१.५ टेस्लाचं मशीन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ३०,००० पट ताकदीचं असतं. आणि हे लक्षात ठेवा, स्कॅन चालू नसतानाही चुंबक चालूच असतं. आवाज थांबला म्हणजे मशीन बंद झालं असं नाही. खिशातली कात्री दारात स्वस्थ असते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर सुटते, कारण जवळ जाताना ओढ एकदम वाढते. कात्री ‘स्टेनलेस’ आहे म्हणून चुंबक ओढणार नाही, असं गृहीत धरू नका. कात्र्या आणि आर्टरी ज्या स्टीलच्या असतात ते बहुतेक वेळा ओढलं जातं. साधा ऑक्सिजन सिलिंडर आणि व्हीलचेअर तर आत न्यायचीच नाही.

आत रुग्णाची तब्येत बिघडली तर धावत आत जाण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो. छाती दाबत दाबत त्याला बाहेर आणायचं आणि बाकीचे उपचार बाहेर करायचे. तुमच्या मदतीला धावून येणाऱ्यांचे खिसे भरलेले असतात, म्हणून एकाने दारात उभं राहून त्यांना थांबवावं.

लहान मुलांच्या आणि मानसोपचार वॉर्डात वेगळं काय?

मुलांच्या वॉर्डात खिशातून पडणारी प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी तोंडात जाते. सुईची टोपणं, ॲम्प्युलचे तुकडे, पेनाची बटणं. सगळ्यात वाईट म्हणजे बटणासारखी चपटी बॅटरी. ती पेनटॉर्चमध्ये असते, काही घड्याळांत असते. गिळलेली लिथियम बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच गंभीर भाजू शकतं. टॉर्चचं झाकण स्क्रूचं असावं, आणि बॅटरी बदलायची ती स्टेशनवर, मुलाच्या बेडवर बसून नाही. खिशाला बटण किंवा झिप असेल तर उत्तम.

मानसोपचार वॉर्डात दोरी, कात्री, काचेची वस्तू आणि सॅनिटायझरची सुटी बाटली अंगावर नको. सॅनिटायझर पिण्याचे प्रकार होतात. किल्ल्या कमरेला साखळीने, खिशाच्या आत. आत जाताना आणि बाहेर येताना वस्तू मोजा, पेनसुद्धा.

आयसोलेशनच्या खोलीत जाताना?

खिसे बाहेर रिकामे करा. गाऊन घातल्यावर खिशात हात घालायचा म्हणजे गाऊन वर करायचा, मग गाऊन घातलाच कशाला? त्या खोलीचा स्टेथो, बीपीचा पट्टा, थर्मामीटर आणि पेन तिथेच राहतं. नोंद बाहेर आल्यावर किंवा काचेतून सांगून करा. जुलाबाच्या रुग्णाला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची लागण असेल तर खिशातल्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. त्याच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही, साबण-पाणीच लागतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये?

खिशात काही नको. विशेषतः गॉज आणि आर्टरी. ऑपरेशनच्या वेळी गॉज आणि उपकरणांच्या मोजणीत घोळ झाला तर तुमचा खिसा हे एक उत्तर असू शकतं, हीच अडचण.

मी घरोघरी जाऊन सेवा देते. बॅग कशी वापरायची?

घरभेटीची बॅग हा सार्वजनिक आरोग्य परिचर्येचा जुना आणि विचार करून घडवलेला भाग आहे. लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये घरोघरी जाणाऱ्या नर्सेसचं काम सुरू केलं, तेव्हापासून काळी चामडी बॅग ही त्यांची ओळख झाली. बॅग बदलली, पद्धत तीच राहिली.

घरात गेल्यावर बॅग जमिनीवर, पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवायची नाही. टेबल किंवा खुर्चीवर कोरा कागद पसरा, त्यावर बॅग. हात धुण्याचं सामान बॅगेच्या अगदी वर किंवा बाहेरच्या कप्प्यात असतं, म्हणजे न धुतलेला हात आत जात नाही. हात धुवा, मग बॅग उघडा, लागेल ते सगळं एकदाच काढून दुसऱ्या कागदावर मांडा आणि बॅग बंद करा. मध्येच काही लागलं तर पुन्हा हात धुवूनच उघडा. पहिल्या भेटीत हे नाटकी वाटतं, घरचे टक लावून बघत असतात. बघू द्या, त्यातून तेही शिकतात.

काम झाल्यावर वापरलेलं उपकरण पुसल्याशिवाय बॅगेत जात नाही. धुवायच्या वस्तू वेगळ्या बंद पिशवीत. बॅग उचलली की खालच्या कागदाची घाण बाजू आत दुमडून तो टाका. शार्प्सचा छोटा डबा बॅगेत आडवा पडणार नाही अशी खाच हवी. बॅग उन्हात उभ्या गाडीत ठेवून जाऊ नका, औषधंही खराब होतात आणि ग्लव्हजही चिकटतात. पैसे, डबा आणि पाण्याची बाटली या बॅगेत नाहीतच, त्यांना वेगळी पिशवी.

हँडओव्हरची चिठ्ठी खिशात राहते. त्याचं काय करू?

तिच्यावर बेड नंबर, नावं, निदान, सगळं असतं. रिक्षात किंवा बसमध्ये पडलेली अशी चिठ्ठी कोणालाही वाचता येते. निघताना ती श्रेडरमध्ये किंवा गोपनीय कागदांच्या पेटीत टाका. वहीत लिहायची सवय असेल तर नावाऐवजी बेड नंबर लिहा. हातावर पेनाने रीडिंग लिहू नका. हात धुतला की रीडिंगही जातं.

स्वतःच्या वस्तू: पाणी, पॅड, पैसे, स्वतःची औषधं?

पैसे आणि दागिने घरी किंवा कुलूपबंद लॉकरमध्ये. पाण्याची बाटली स्टेशनच्या मागे, रुग्णसेवेच्या जागेबाहेर. पण ती असू द्या. पाणी पिताना दिसू नये म्हणून दिवसभर तहानेलं राहायचं, हा नियम कोणी केलेला नाही आणि करूही नये.

सॅनिटरी पॅड जवळ हवंच. ते कापडी पिशवीत न ठेवता झिपच्या छोट्या प्लास्टिक पाउचमध्ये, खिशाच्या सगळ्यात आतल्या बाजूला ठेवा. स्टाफ टॉयलेटमध्ये दोन-चार पॅड ठेवण्याचा आग्रह इनचार्ज सिस्टरांकडे जरूर धरा. दम्याचा इन्हेलर अंगावर ठेवा, लॉकरमधला इन्हेलर ऐन वेळी उपयोगाचा नाही. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, नाव असलेल्या, आणि वॉर्डाच्या औषधांपासून पूर्ण वेगळ्या. डोकं दुखलं म्हणून वॉर्डाच्या स्टॉकमधली गोळी घेणं टाळा, गोळी साधी असली तरी.

शिफ्टनंतर एक खांदा आणि कंबर दुखते. खिशामुळे असेल का?

असू शकतं. मोबाईल, किल्ल्या, पाउच सगळं एकाच बाजूला असेल तर दिवसभर त्या बाजूला कलून चालणं होतं. वजन दोन्हीकडे विभागा आणि ज्या हाताने काम करता त्या बाजूला जास्त लागणाऱ्या वस्तू ठेवा. तरीही कंबर दुखत राहिली तर दोष खिशाचा नसून रुग्ण उचलण्याच्या पद्धतीचा असण्याची शक्यता जास्त आहे. तिथे स्लाइड शीट (रुग्णाला सरकवायची गुळगुळीत चादर) आणि दुसरा माणूस हवा.

युनिफॉर्म धुताना खिशांचं काय?

खिसे उलटे करून रिकामे करा, मग इतर कपड्यांपासून वेगळा धुवा. कापडाला चालत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात किमान दहा मिनिटं. बॉलपेनाचा डाग पडला असेल तर धुण्याआधी खाली जुना कपडा ठेवून स्पिरिट स्वॅबने टिपा, घासू नका. इथे तो स्वॅब खरंच कामाला येतो.

घरी पोचल्यावर खिशात वॉर्डाची चावी किंवा ॲम्प्युल सापडलं तर?

त्याच क्षणी वॉर्डाला फोन करा. सकाळी नाही, ‘उद्या ड्यूटी आहेच’ असंही नाही. चावी नार्कोटिक कपाटाची असेल तर ती परत नेऊन द्या, कारण तिकडे कोणाला तरी दुखण्याचं औषध द्यायचं असेल आणि कपाट उघडत नसेल. ॲम्प्युल असेल तर काय सापडलं आणि किती वाजता, ते फोनवरच सांगा, कोणाशी बोललात त्यांचं नाव लिहून ठेवा आणि इनचार्ज सांगतील तसं ते परत करा. घरच्या कचऱ्यात टाकू नका. दुसऱ्या दिवशी घटनेची नोंद तुम्ही स्वतः भरा.